इटालियन शब्द तोडताना

मिलानच्या मध्यवर्ती स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी उभी राहून मी तीनदा 'बेर्-गाऽ-मो' म्हटलं. खिडकीमागच्या बाईंनी तिन्ही वेळा मान हलवली. शेवटी कागदावर गावाचं नाव लिहून दिलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. 'आ, बेर्गामो!' म्हणत त्यांनी तिकीट काढून दिलं. त्यांच्या तोंडी जोर 'बेर्'वर होता आणि 'गा' भर्रकन निघून गेला होता. नाव तेच, ध्वनी तेच, क्रमही तोच. मी जोर एक घर पुढे सरकवला आणि त्यांच्या कानांना ते गावच ओळखू येईना.

मराठी माणसाला हे सहजी पटत नाही. 'कोल्हापूर' म्हणताना जोर कुठेही पडला तरी एसटीचा कंडक्टर तिकीट फाडतो. आपल्याकडे आघात बोलण्यात रंग भरतो. इटालियनमध्ये तो शब्दाच्या हाडात असतो, आणि तो कुठे आहे हे बहुतेक वेळा लिहून दाखवत नाहीत. वास्तुकला किंवा डिझाइन शिकायला मिलान-तोरिनोला निघालेली मुलं व्याकरण चांगलं करून जातात आणि इथे अडखळतात. पाश्चात्त्य गायकी शिकणाऱ्यांचंही तेच होतं. म्हणून हा लेख फक्त दोन गोष्टींसाठी: शब्द अक्षरांत कसा तोडायचा, आणि जोर कुठे द्यायचा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत 'अक्षर' म्हणजे लिपीतलं चिन्हही आणि उच्चाराचा तुकडाही. इथे अक्षर म्हणजे उच्चाराचा तुकडा, ज्यात एक तरी स्वर असतोच. इटालियन माणूस त्याला 'सिल्लाबा' म्हणतो. रोमन लिपीतल्या चिन्हाला मी 'वर्ण' म्हणेन. अक्षरांच्या मधे आडवी रेघ देईन, आणि आघातामुळे स्वर लांबतो तिथे अवग्रह लावेन, आपण 'काऽय' लिहितो तसा.

गण आठवा

शाळेत 'यमाताराजभानसलगा' पाठ करताना आपण एक मोलाची गोष्ट शिकलो. जोडाक्षर लिहिताना पुढच्या बाजूला दिसतं, पण त्याचं वजन मागच्या अक्षरावर पडतं. 'सत्य' लिहिताना अर्धा 'त्' 'य'ला चिकटतो, तरी गुरू होतो तो 'स', कारण जीभ 'सत्-य' अशी तोडते. इटालियन अक्षरं तोडायची निम्मी किल्ली हीच आहे.

रात्रीला इटालियनमध्ये 'नोत्ते' म्हणतात. देवनागरीत डोळ्यांना नो-त्ते दिसतं, इटालियन कान मात्र नोत्-ते ऐकतो. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर एक 'टी' वर ठेवतात, दुसरा खालच्या ओळीत नेतात. कोणतंही जुळं व्यंजन असंच मधोमध तुटतं: माम्-मा, बेल्-लो. ल, म, न, र यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं तरी तसंच: आल्-तो (उंच), काम्-पो (शेत), कान्-तो (गाणं), पार्-ते (भाग). तीन व्यंजनं एकत्र आली तर पहिलं मागे राहतं, उरलेली दोन पुढे जातात: सेम्-प्रे (नेहमी), आल्-त्रो (दुसरा). एकटं व्यंजन मात्र नेहमी पुढच्या स्वराबरोबर जातं: काऽ-सा, आ-मोऽ-रे.

हे तोडणं नुसतं वहीतल्या ओळीपुरतं असतं, तर मी त्यावर एवढा वेळ घेतला नसता. पण त्यावर स्वराची लांबी ठरते. आघाताचं अक्षर स्वरावर उघडं संपत असेल आणि ते शब्दाच्या शेवटी नसेल, तर स्वर लांबतो. व्यंजनाने बंद होत असेल तर स्वर आखूड राहतो आणि जीभ व्यंजनावर क्षणभर थांबते. 'काऽ-सा' म्हणजे घर, 'कास्-सा' म्हणजे दुकानातला गल्ला. 'सेऽ-ते' तहान, 'सेत्-ते' सात. 'नोऽ-नो' नववा, 'नोन्-नो' आजोबा. 'पेऽ-ना' दुःख किंवा शिक्षा, 'पेन्-ना' पेन. केसाला 'का-पेल्-लो' म्हणतात आणि टोपीला 'काप्-पेल्-लो'. इंग्रजीतून इटालियनकडे येणाऱ्यांना हा फरक ऐकू यायलाच फार दिवस लागतात. आपल्याला नाही. 'शिका' आणि 'शिक्का' एकामागोमाग म्हणून पाहा. दुसऱ्यात 'क'वर जीभ जिथे थबकते, अगदी तिथेच 'नोन्-नो'मध्ये थबकायचं आहे.

प्रत्येक जोडाक्षर मागे वजन टाकत नाही, हेही आपल्या छंदशास्त्राला ठाऊक आहे. 'तुझ्या'मधला 'तु' लघुच राहतो, कारण तिथे जीभ थांबत नाही. इटालियनमध्ये जोडीतलं दुसरं व्यंजन र किंवा ल असेल (ब्र, प्र, त्र, द्र, क्ल, फ्ल) तर ती जोडी फुटत नाही, सगळीच पुढे जाते, आणि मागचं अक्षर उघडं राहतं: लीऽ-ब्रो (पुस्तक), पाऽ-द्रे (वडील), आ-प्रीऽ-ले (एप्रिल). 'लिब्-रो' असं तोडलं तर स्वर आखूड होतो आणि शब्द परका वाटायला लागतो.

'स'चं प्रकरण निराळं आहे. व्याकरणाचा नियम सांगतो की 'स'पुढे व्यंजन असेल तर 'स' पुढच्या अक्षरात जातो: पा-स्ता, फि-ने-स्त्रा (खिडकी), ए-स्ताऽ-ते (उन्हाळा). देवनागरीत आपण लिहितो अगदी तसंच. बोलताना मात्र इटालियन जीभ 'पास्-ता' अशीच तोडते, म्हणून 'पा' लांबत नाही. परीक्षेत 'पा-स्ता' लिहा, तोंडाने 'पास्-ता' म्हणा. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

इटालियनमध्ये काही वर्णजोड्या मिळून एकच ध्वनी होतो, त्या कधीच तुटत नाहीत. 'जी' आणि 'एन' शेजारी आले की आपला 'ञ' होतो. मुळाक्षरांच्या तक्त्यात पाठ केलेला आणि एरवी क्वचितच वापरलेला हा वर्ण इथे रोज कामाला येतो: 'बा-ञो' म्हणजे न्हाणीघर, आणि हॉटेलात मिळणारा तो बटाट्याचा पदार्थ 'ञोक्-की'. 'सी' आणि 'एच' मिळून 'क' होतो, 'एस'पुढे ते आले की 'स्क', म्हणून 'ब्रुशेटा' हा उच्चार चुकीचा. तो शब्द ब्रु-स्केत्-ता असा आहे.

इथे मराठीची एक श्रीमंती सांगायलाच हवी. 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च हे दोन वेगळे ध्वनी आपल्याकडे जन्मापासून आहेत. पहिला इटालियन 'झेड'चा, दुसरा 'सी'पुढे 'आय' किंवा 'ई' आल्यावर होणारा. 'पिझ्झा' हा शब्द 'चमचा'तल्या 'च'ने 'पिच्-चा' म्हणा, इटलीतल्या उच्चाराच्या अगदी जवळ पोचाल. इटालियन 'टी'देखील आपला दंत्य 'त' आहे, 'ट' नाही.

स्वर शेजारी आले की

बारामतीच्या कारखान्यातून निघणाऱ्या तीनचाकी गाड्या गावोगाव धावतात. त्यांच्यावरचं कंपनीचं नाव आपण 'पि-या-जि-ओ' असं चार अक्षरांत वाचतो. इटालियनमध्ये ती दोनच अक्षरं आहेत: प्याज्-जो. पहिल्या अक्षरातला 'आय' आघाताविना आहे आणि शेजारी दुसरा स्वर आहे, म्हणून तो आपल्या 'य'सारखा त्या स्वरात विरघळतो. दुसऱ्या अक्षरातला 'आय' तर उच्चारायचाच नसतो. 'जी'चा उच्चार 'ग' न होता 'ज' व्हावा, एवढी खूण करायला तो तिथे बसलेला आहे. त्याच गाडीचं 'ॲपे' हे नाव इटालियनमध्ये 'आऽ-पे' आहे. त्याचा अर्थ मधमाशी. 'वेस्पा' म्हणजे गांधीलमाशी.

नियम असा: 'आय' किंवा 'यू'वर आघात नसेल आणि शेजारी दुसरा स्वर असेल, तर दोघांचं मिळून एक अक्षर होतं. प्याऽ-नो, फ्योऽ-रे (फूल), वोऽ-मो (माणूस). आघात नेमका त्या 'आय' किंवा 'यू'वरच असेल, तर स्वर वेगळे होतात: पा-ऊऽ-रा (भीती), वीऽ-आ (रस्ता). 'फियाट'मध्ये आपण जोर 'याट'वर देतो. ते १८९९ साली तोरिनोत सुरू झालेल्या कंपनीच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांपासून बनलेलं आहे आणि तिकडे 'फीऽ-आत्' असं म्हणतात. ए, ओ, आ यांच्यातले कोणतेही दोन शेजारी आले तर ते कधी एकत्र होत नाहीत: पो-एऽ-ता (कवी), मा-ए-स्त्रो. आपण 'मेस्ट्रो' म्हणतो ती दोन अक्षरं, मुळात ती तीन आहेत.

खुणेपुरता येणारा तो मुका 'आय' इटालियन माणसांच्या नावांत भरलेला असतो. 'जिओवानी' नव्हे, जो-वान्-नी. 'जिओर्जिओ' नव्हे, जोर्-जो. पण 'लु-चीऽ-आ' या मुलीच्या नावात तोच 'आय' खणखणीत ऐकू येतो, कारण आघात त्याच्यावर आहे. का-मीऽ-चा (सदरा) आणि फार्-मा-चीऽ-आ (औषधांचं दुकान) या दोन शब्दांचे शेवटचे तीन वर्ण सारखेच आहेत. एकात अक्षरं तीन, दुसऱ्यात चार. आघात ठाऊक असल्याशिवाय शब्द तोडता येत नाही, तो असा.

आघात शेवटून मोजा

आघात मोजायचा तो नेहमी शब्दाच्या शेवटाकडून. बहुतेक इटालियन शब्दांत तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. अशा शब्दांना ते 'प्याना' म्हणजे सपाट म्हणतात. शेवटच्या अक्षरावर असेल तर 'त्रोन्का', तोडलेला. शेवटून तिसऱ्यावर असेल तर 'स्द्रुच्चोला', घसरता. नावं चित्रासारखी आहेत. घसरत्या शब्दात जोर दिल्यावर उरलेली दोन अक्षरं उतारावरून सुटल्यासारखी खाली जातात: ताऽ-वो-लो (टेबल), साऽ-बा-तो (शनिवार), मेऽ-दि-को (डॉक्टर).

इथेही लघु-गुरूचा कान साथ देतो. शेवटून दुसरं अक्षर व्यंजनाने बंद असेल, म्हणजे आपल्या भाषेत गुरू असेल, तर आघात जवळजवळ नेहमी तिथेच पडतो: स्पा-गेत्-ती, मोत्-त्सा-रेल्-ला, फि-रेन्-त्से. लॅटिनमधून आलेला हा वारसा आहे. अपवाद मोजके, पण रोजच्या वापरातले आहेत. दक्षिणेतली तारान्तो आणि ओत्रान्तो ही गावं, 'मान्दोर्ला' (बदाम) आणि 'पोलित्सा' (विम्याची पॉलिसी) या चारांत जोर पहिल्या अक्षरावर आहे.

शेवटून दुसरं अक्षर उघडं असेल तर मात्र लिहिलेल्या शब्दाकडे बघून काहीही कळत नाही. मि-लाऽ-नो, तो-रीऽ-नो सपाट. नाऽ-पो-ली, जेऽ-नो-वा, मोऽ-दे-ना, पाऽ-दो-वा, रीऽ-मि-नी आणि माझं बेर्-गा-मो घसरते. म्हणून माझा आग्रह असतो की नामाबरोबर लिंग पाठ करता तसा आघातही त्याच दिवशी पाठ करा. चुकीचा जोर एकदा जिभेवर बसला की तो उपटून काढायला महिने लागतात.

शेपटीवरून थोडी मदत होते. 'त्स्योने'ने संपणारे शब्द 'त्स्यो'वर जोर घेतात: स्ता-त्स्योऽ-ने (स्टेशन). 'मेन्ते'ने संपणारे 'मेन्'वर. 'इस्सिमो', 'आबिले', 'इबिले' हे घसरते: बेल्-लिस्-सि-मो, पोस्-सीऽ-बि-ले. 'इको'ने संपणारे बहुतेक घसरतातच. मिलानच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठाच्या नावातला पहिला शब्द पो-लि-तेक्-नि-को, जोर 'तेक्'वर. पण मित्र म्हणजे आ-मीऽ-को. 'एरे'ने संपणारी क्रियापदं दोन गटांत विभागली आहेत: वे-देऽ-रे (पाहणं) सपाट, तर लेज्-जे-रे (वाचणं) पहिल्या अक्षरावर. ती एकेक करून शिकावी लागतात, दुसरा रस्ता नाही.

आघाताचं चिन्ह लिहिणं सक्तीचं आहे ते मुख्यतः एकाच ठिकाणी, एकाहून जास्त अक्षरांच्या शब्दात जोर शेवटच्या अक्षरावर असेल तेव्हा: काफ्-फे, चित्-ता (शहर), पेर्-के (का, कारण). असा शेवटचा स्वर लांबवायचा नाही. जोर द्यायचा आणि झटकन सोडायचा. आपल्याला 'काफेऽ' असं ओढायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. चिन्ह गाळलं तर शब्दच बदलतो. चिन्हासह 'पापा' म्हणजे बाबा, चिन्हाविना म्हणजे पोप. चिन्हासह 'पेरो' म्हणजे 'पण', चिन्हाविना नासपतीचं झाड. चिन्हासह 'मेता' म्हणजे अर्धं, चिन्हाविना गंतव्य. मोबाइलवर टाइप करताना चिन्ह टाकायचा कंटाळा करू नका.

इतर ठिकाणी चिन्ह नसतं आणि संदर्भावर विसंबावं लागतं. 'आन्कोरा'चा जोर 'को'वर असेल तर 'अजून', 'आन्'वर असेल तर जहाजाचा नांगर. 'सुबितो' पहिल्यावर 'लगेच', दुसऱ्यावर 'सोसलेलं'. 'प्रिन्चिपी' पहिल्यावर 'राजपुत्र', दुसऱ्यावर 'तत्त्वं'. एकाच सांगाड्यात तीन शब्द मावतात, याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे का-पि-ताऽ-नो, कप्तान. जोर 'का'वर नेला की काऽ-पि-ता-नो, 'त्या गोष्टी घडतात'. शेवटच्या 'नो'वर नेला, आणि तो चिन्हाने दाखवला, की 'त्याने नेतृत्व केलं'.

मी सगळ्यात जास्त ऐकलेली चूक याच 'घडतात'च्या जातीची आहे. बोलणं या क्रियापदाची रूपं घ्या. पार्-लो (मी बोलतो), पार्-ला (तो बोलतो), पार्-ल्याऽ-मो (आपण बोलतो), पार्-लाऽ-ते (तुम्ही बोलता). पुढे 'ते बोलतात' येतं तेव्हा आधीच्या दोन रूपांची लय कानात असते आणि विद्यार्थी 'पार्-लाऽ-नो' म्हणून मोकळे होतात. खरं रूप पार्-ला-नो आहे, जोर 'पार्'वर. अनेकवचनी तृतीयपुरुष एकवचनाचं बोट सोडत नाही. 'पार्ला'त जोर जिथे, तिथेच 'पार्लानो'त. 'तो राहतो' आऽ-बि-ता, म्हणून 'ते राहतात' आऽ-बि-ता-नो, चौथ्या अक्षरापर्यंत मागे. 'तो फोन करतो' ते-लेऽ-फो-ना, 'ते फोन करतात' ते-लेऽ-फो-ना-नो. वर्तमानकाळ शिकताना 'मी', 'तो' आणि 'ते' यांची रूपं एका दमात म्हणायचा सराव ठेवा, 'आपण' आणि 'तुम्ही' यांची नंतर. आठवड्याभरात जीभ वळते.

शब्दकोश विकत घेताना आघात दाखवणाराच घ्या. चांगल्या इटालियन कोशांत मूळ शब्दावरच तो खुणावलेला असतो. उच्चारासाठी इटलीच्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेचा, 'राई'चा, स्वतंत्र कोश आहे. ब्रूनो मिल्योरीनी, कार्लो ताल्याव्हिनी आणि प्येरो फ्योरेल्ली यांनी केलेला तो कोश १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. इटालियन माणसांनाही अशा कोशाची गरज पडते. फोनमधल्या संपर्कांच्या यादीला 'रु-ब्रीऽ-का' म्हणतात, पण जोर पहिल्या अक्षरावर देणारे त्यांच्यातही भेटतात.

आणखी एक साधन मला फार आवडतं. वेर्दी किंवा पुच्चीनीच्या ऑपेरांची जुनी छापील स्वरलिपी आता मोफत मिळते. तिच्यात स्वरांच्या ओळीखाली इटालियन शब्द आधीच अक्षरं तोडून छापलेले असतात, मधे आडव्या रेघा देऊन, कारण गाणाऱ्याला कोणत्या स्वरावर कोणतं अक्षर हे कळायला हवं. एक पान घ्या. रेघांकडे न बघता शब्द आधी स्वतः तोडा, आघात जिथे वाटतो त्या अक्षराखाली पेन्सिलीने ठिपका द्या, मग रेघांशी पडताळा. त्यानंतर ती ओळ एखाद्या इटालियन गायकाच्या आवाजात ऐका. ठिपक्याचं अक्षर पुष्कळदा तालाच्या वजनदार मात्रेवर येतं. एखाद्या ठिकाणी एका शब्दाचा शेवटचा आणि पुढच्या शब्दाचा पहिला असे दोन स्वर एकाच सुराखाली छापलेले दिसतील. तिथे ते गळ्यात एक होऊन निघतात, पेन्सिलीने त्यांच्याखाली एक छोटी कमान काढा.